रक्तातला दाह आणि आत्महत्येचे विचार

2020 आणि 2021 या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत काही शब्द शिरले ते कायमचे. सीआरपी, डी-डायमर, आयएल-6. रुग्ण आत, नातेवाईक बाहेर, आणि हातात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लॅबचा रिपोर्ट. सीआरपी वाढलं म्हणजे शरीरात दाह वाढला, हे तेव्हा शाळकरी मुलांनाही कळत होतं. आयएल-6चं काम रोखणाऱ्या टॉसिलिझुमॅब या इंजेक्शनसाठी लोकांनी रात्री-अपरात्री शहरं पालथी घातली. हीच नावं गेली काही दशकं मानसोपचाराच्या संशोधनातही येत आहेत, आणि तिथला प्रश्न वेगळाच आहे. ज्याच्या मनात मरणाचे विचार घोळत आहेत, त्याच्या रक्तात दाहाच्या खुणा जास्त सापडतात का? सापडत असतील तर त्यांचा अर्थ काय लावायचा?

माझं मत आधीच सांगतो. नातं आहे आणि ते खरं आहे. पण ते बारीक आहे, अनेक आडवाटांनी जाणारं आहे, आणि एखाद्या माणसाच्या जिवाला धोका आहे की नाही हे सांगायला ते आज उपयोगाचं नाही. तरीही डॉक्टरांनी आणि घरच्यांनी या संशोधनाकडे पाठ फिरवू नये असं मला वाटतं. शरीराचं दुखणं आणि मनाचं दुखणं यांची आपण जी कायमची वाटणी करून ठेवली आहे, तिला या संशोधनाने धक्का दिला आहे.

सीआरपीचा शोध 1930 सालचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत असताना त्यांना हे प्रथिन सापडलं. ते यकृतात तयार होतं आणि ते तयार करण्याचा हुकूम मुख्यतः आयएल-6कडून येतो. आयएल-6, आयएल-1 बीटा, टीएनएफ-अल्फा ही सायटोकाइन कुळातली रसायनं. पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ती सोडतात. जंतू आला, जखम झाली, सांधा सुजला, पोटावर चरबी साठली, झोप मोडली, सिगारेट ओढली, तरी ही रसायनं वाढू शकतात. देवळातली घंटा वाजली एवढं ऐकू येतं. कोणी वाजवली हे आवाजावरून कळत नाही. सीआरपीचंही तसंच आहे, आणि पुढच्या सगळ्या वादाची मुळं इथे आहेत.

ताप आला की माणूस कोपऱ्यात पडून राहतो, जेवण नको म्हणतो, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही. आपण याला अशक्तपणा म्हणून सोडून देतो. 1988 मध्ये बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकातल्या अभ्यासकाने असं मांडलं की आजारी प्राण्याचं असं वागणं ही शरीराने मुद्दाम घडवलेली गोष्ट आहे. ताकद राखून संसर्गाशी लढण्यासाठी. पुढे रॉबर्ट डँट्झर आणि इतरांनी दाखवलं की मेंदूला हा निरोप सायटोकाइन पोचवतात. मग माणसांवरही प्रयोग झाले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात नाओमी आयझेनबर्गर यांनी निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूंच्या कवचातल्या विषाची अत्यल्प मात्रा दिली. काही तासांत त्यांच्या रक्तातली सायटोकाइन चढली आणि त्यांना उदास वाटू लागलं, शिवाय आपण इतरांपासून तुटलो आहोत असंही वाटू लागलं. 2010चा हा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण एकटे आहोत, आपलं कोणी नाही, आपला इतरांना भार होतो, ही भावना आत्महत्येच्या विचारांच्या फार जवळची आहे, आणि तिला हात घालायला रक्तातलं एक रसायनही पुरतं, एवढं त्यातून दिसलं.

या विषयातला सर्वांत वजनदार पुरावा मात्र प्रयोगशाळेत नाही, रुग्णांच्या वॉर्डात मिळाला. इंटरफेरॉन-अल्फा हे औषध स्वतःच एक सायटोकाइन आहे. हेपॅटायटिस-सी आणि मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी ते अनेक वर्षं दिलं जात होतं. महिनोन्‌महिने इंजेक्शनं चालायची, आणि डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं की पूर्वी मनाचा कसलाही आजार नसलेले लोक काही आठवड्यांत गंभीर नैराश्यात जात आहेत. काहींच्या मनात मरणाचे विचार येऊ लागले. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर मनोविकारांबद्दलचा सर्वांत कडक इशारा छापावा लागला. 2001 मध्ये अ‍ॅटलांटाच्या गटाने मेलॅनोमाच्या 40 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना इंटरफेरॉन सुरू करण्याआधीपासून पॅरोक्सेटीन ही नैराश्याची गोळी दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. बारा आठवड्यांत दुसऱ्या गटातल्या 45 टक्के रुग्णांना गंभीर नैराश्य आलं. पॅरोक्सेटीनच्या गटात हे प्रमाण 11 टक्के होतं. इथे आधी दाह की आधी नैराश्य, हा प्रश्नच उरत नाही. सायटोकाइन बाहेरून टोचलं आणि मन ढासळलं. ढासळणार हे ओळखून आधी उपाय केला तर पुष्कळांना वाचवता आलं, ही यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट.

हे घडतं कसं, याचा एक मार्ग बऱ्यापैकी उलगडला आहे. आपल्या जेवणातल्या प्रथिनांमधून ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. त्याचा थोडा भाग सेरोटोनिन बनवायला जातो, बराचसा कायन्युरेनिन नावाच्या वाटेने खर्च होतो. दाह वाढला की या दुसऱ्या वाटेचं दार उघडणारं आयडीओ हे विकर जोरात कामाला लागतं. मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या राखणदार पेशी, कायन्युरेनिनपासून क्विनोलिनिक आम्ल बनवतात. हे आम्ल ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहकांना डिवचतं आणि जास्त झालं तर चेतापेशींना इजा करतं.

स्वीडनमध्ये लेना ब्रुन्डिन, डॅनियल लिंडक्विस्ट आणि सोफी एर्हार्ट यांनी या वाटेचा चिकाटीने माग काढला. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या लोकांच्या पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, त्यांनी तपासला. 2009 मध्ये या द्रवात आयएल-6 निरोगी लोकांपेक्षा जास्त असल्याचं त्यांनी मांडलं. 2013 मध्ये क्विनोलिनिक आम्लही जास्त असल्याचं दिसलं, आणि ज्यांचा मरण्याचा इरादा अधिक पक्का होता त्यांच्यात ते अधिक होतं. केटामाइन हे औषध नेमक्या त्याच एनएमडीए ग्राहकांना अडवतं आणि आत्महत्येचे विचार काही तासांत कमी करू शकतं. दोन टोकं अशी जुळली की संशोधक हरखून जातात, आणि ते स्वाभाविक आहे. पण केटामाइनचा परिणाम याच एका कारणाने होतो असं कोणी सिद्ध केलेलं नाही. त्याचंच भावंड असलेल्या एस्केटामाइनला अमेरिकेने 2020 मध्ये आत्महत्येचे तीव्र विचार असलेल्या नैराश्याच्या रुग्णांसाठी मान्यता दिली, तेव्हाही या औषधाने आत्महत्या टळतात असं दिसलेलं नाही, अशी स्पष्ट नोंद सोबत जोडली.

मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करणारे अभ्यासही आहेत. शिकागोमध्ये घनश्याम पांडे यांच्या गटाने आत्महत्येने गेलेल्या किशोरवयीन मुलांच्या मेंदूच्या पुढच्या भागात आयएल-1 बीटा, आयएल-6 आणि टीएनएफ-अल्फा वाढलेले पाहिले. जर्मनीत योहान स्टाइनर यांना 2008 मध्ये मायक्रोग्लियांची दाटी दिसली, आणि तिचा संबंध निदानापेक्षा आत्महत्येशी अधिक होता. निदान स्किझोफ्रेनियाचं असो वा नैराश्याचं. ही बाब अर्थपूर्ण आहे, कारण आत्महत्येचे विचार नैराश्यापुरते मर्यादित नसतात.

2015 मध्ये ब्लॅक आणि मिलर यांनी तोवरचे 18 अभ्यास एकत्र मांडले. आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न असलेले 583 रुग्ण, तसे विचार नसलेले 315 मनोरुग्ण आणि 845 निरोगी माणसं. आयएल-6 आणि आयएल-1 बीटा रक्तात आणि मेंदूत वाढलेले आढळले. पण आयएल-2 कमी होतं, आणि पाठीतल्या पाण्यातलं आयएल-8सुद्धा कमी होतं. म्हणजे ‘दाह वाढतो’ असं सरसकट वाक्य इथे लागू पडत नाही. शिवाय आकडे पाहा. जगभरातले 18 अभ्यास मिळून सहाशेही रुग्ण होत नाहीत. आपल्याकडे एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात वर्षाला याहून अधिक माणसं येतात.

इथून पुढे सावधपणे वाचायला हवं. यातले बहुतेक अभ्यास रक्त एकदाच काढतात, आणि तेही प्रयत्न घडून गेल्यावर. प्रयत्नात शरीराला झालेली इजा, पोटात गेलेलं विष, रुग्णालयातली नळी आणि सलाइन, जागरण, भीती या सगळ्यांनी सीआरपी आणि आयएल-6 वाढतात. सीआरपीचं रक्तातलं अर्धायुष्य साधारण 19 तासांचं, त्यामुळे सकाळचा आकडा आणि दोन दिवसांनंतरचा आकडा वेगळा येतो. काही अभ्यासांनी नुसते विचार असलेले आणि प्रयत्न केलेले यांना एकाच टोपलीत टाकलं आहे. विचार पुष्कळांच्या मनात येतात. त्यातले फार थोडे प्रयत्नापर्यंत जातात. या दोन गोष्टींमागची कारणंही एकच असतील असं नाही.

दुसरी अडचण चरबीची, आणि इथे पुण्याचा खरा संबंध येतो. रक्तातल्या आयएल-6चा मोठा वाटा चरबीच्या पेशींतून येतो. पाश्चात्त्य अभ्यास हा परिणाम वजा करण्यासाठी उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, वापरतात. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेलं छायाचित्र अनेकांना आठवत असेल. दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात दाह घडवणारी चरबी भरपूर असू शकते. त्यात क्षयरोग, डेंगी, हिरड्यांचे जुने संसर्ग यांची भर. इंग्लंड किंवा स्वीडनमधली सीआरपीची मर्यादा उचलून यवतमाळच्या किंवा परळच्या रुग्णाला लावणं म्हणूनच चुकीचं ठरेल.

तिसरी गोष्ट अधिक वेदनादायक आहे. न्यूझीलंडमधल्या डनिडिन शहरातल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात आंद्रेया डनीस यांना 2007 मध्ये दिसलं की लहानपणी ज्यांचा छळ झाला होता, त्यांच्या रक्तात विशी-तिशी ओलांडल्यावरही दाहाची पातळी जास्त होती. बालपणीचा छळ हा आत्महत्येच्या विचारांमागचाही मोठा धोका. मग दाहामुळे विचार येतात, की एकाच जुन्या जखमेतून दोन्ही निघतात? मला वाटतं बऱ्याच माणसांच्या बाबतीत दुसरं खरं असावं. पण तसं असलं तरी दाहाचं महत्त्व संपत नाही. लहानपणी सोसलेलं शरीरात कुठे जाऊन बसतं याचा पत्ता तरी त्यातून लागतो.

कार्यकारणाचा गुंता सोडवायला मोठ्या नोंदी लागतात, आणि त्या डेन्मार्ककडे आहेत. तिथे 1980 ते 2011 या काळातल्या 72 लाख लोकांच्या नोंदी तपासून 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्येने गेलेल्या 32,683 जणांपैकी सुमारे 24 टक्के लोक आधी कधीतरी संसर्गामुळे रुग्णालयात दाखल झाले होते. अशा लोकांमधला धोका इतरांपेक्षा 42 टक्क्यांनी जास्त निघाला, आणि दाखल होण्याच्या खेपा वाढल्या तसा तोही वाढत गेला. 42 टक्के हा आकडा मोठा वाटतो, पण मुळातली शक्यताच फार लहान असल्याने तो एकेका माणसाला भिववणारा नाही. त्याचा उपयोग रुग्णालयांना आहे. संसर्गातून बरा होऊन घरी जाणाऱ्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर मनाच्या चौकशीची एक ओळ असायला हवी.

दुसरा मार्ग जनुकांचा. जन्मावेळीच मिळालेली जनुकं पुढच्या दारूने, दारिद्र्याने किंवा वजनाने बदलत नाहीत. म्हणून ज्यांच्या जनुकांमुळे आयएल-6ची यंत्रणा थोडी अधिक जागी असते, त्यांच्यात काय दिसतं हे पाहता येतं. कॅपलमन आणि सहकाऱ्यांच्या 2021 च्या अभ्यासात अशा लोकांमध्ये आत्महत्येचे विचार किंचित अधिक आढळले. परिणाम बारीक आहे. पण नातं निव्वळ योगायोगाचं नाही, असं म्हणायला बळ देणारा आहे.

मग दाह कमी केला तर विचार कमी होतील का? इथे निराशा अधिक पदरी आली. 2013 मध्ये अ‍ॅटलांटाच्या चार्ल्स रेझन यांनी औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या 60 रुग्णांवर टीएनएफला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिलं. एकूण गटाला फायदा झाला नाही. ज्यांचं सीआरपी 5 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर होतं, त्यांच्यात मात्र सुधारणेकडे कल दिसला. मिनोसायक्लिन आणि सेलेकॉक्सिब यांच्या मोठ्या चाचण्यांनीही सरसकट लाभ दाखवला नाही. नैराश्याच्या रुग्णांपैकी साधारण पाव भागाचंच सीआरपी 3च्या वर असतं. उरलेल्या पाऊण लोकांच्या दुखण्याला दाहाचं औषध देऊन काय साधणार?

आणि दाह शमवणारी औषधं मनाला निर्धोक असतात, असाही समज नको. सोरायसिससाठीच्या ब्रोडॅलुमॅब या औषधावर अमेरिकेत आत्महत्येच्या विचारांबद्दल कडक इशारा आहे, जरी औषधामुळेच तसं घडतं हे सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडे सर्दी-दम्यासाठी मुलांना सर्रास दिलं जाणारं माँटेलुकास्ट घ्या. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावरही मनावरच्या दुष्परिणामांचा कडक इशारा छापायला लावला. ही गोळी सुरू केल्यावर मूल चिडचिड करू लागलं, झोपेत ओरडू लागलं, मरणाचं बोलू लागलं तर पालकांनी लगेच डॉक्टरांना सांगावं. हा सल्ला दुकानदाराकडून परस्पर गोळी घेणाऱ्यांपर्यंत पोचतच नाही, याची मला खंत वाटते.

आता तपासणीचा मुद्दा. रक्ताचा एक थेंब घेऊन धोका सांगता येईल, ही आशा जुनी आहे. 1976 मध्ये स्टॉकहोमच्या मारी ओस्बेरी यांनी पाठीतल्या पाण्यात सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारा एक घटक कमी असलेल्या रुग्णांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न जास्त आढळतात असं मांडलं. ते काम आजही आदराने वाचलं जातं. पण त्यातून दवाखान्यात वापरता येईल अशी तपासणी निघाली नाही. दाहाच्या घटकांचंही तेच होण्याची शक्यता मला अधिक वाटते, आणि कारण साध्या गणितात आहे. समजा, कोणी अशी चाचणी शोधली की जी धोक्यातल्या शंभरपैकी ऐंशी लोकांना पकडते आणि धोका नसलेल्या शंभरपैकी ऐंशींना मोकळं सोडते. सीआरपी याच्या जवळपासही जात नाही. भारतात वर्षाला लाखामागे सुमारे 12 माणसं आत्महत्येने जातात. एक लाख लोकांची ही चाचणी केली तर बारांपैकी नऊ-दहा सापडतील, आणि धोका नसलेल्या जवळजवळ वीस हजार लोकांच्या हाती ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट पडेल. त्या वीस हजार घरांत काय होईल, नोकरीत आणि लग्न जुळवताना काय होईल, याचा विचार करा. उद्या एखाद्या लॅबने फुल बॉडी चेकअपमध्ये ‘मानसिक धोका’ असं पॅकेज विकायला काढलं, तर ते घेऊ नका.

मग या संशोधनातून आज हाती काय लागतं? रक्तातला दाह पाहून औषध निवडायला थोडी मदत होऊ शकेल, अशी चिन्हं आहेत. युरोपातल्या एका चाचणीत सीआरपी 1 पेक्षा कमी असलेल्यांना एस्सिटॅलोप्रॅम, तर जास्त असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिन अधिक लागू पडलं. याहून मोठी गोष्ट डॉक्टरांच्या नजरेची. संधिवात, सोरायसिस, दमा, आतड्याचा दाह, ल्युपस, लांबलेला संसर्ग यांच्या रुग्णाला मन कसं आहे हे विचारणं हा उपचाराचाच भाग मानायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा अधिक. कौटुंबिक प्रश्नांखालोखाल कारण नोंदलं गेलं ते आजारपणाचं, 18.4 टक्के. ही सगळी माणसं कुठल्या ना कुठल्या डॉक्टरसमोर बसून गेलेली असणार. त्यांचं रक्त तपासलं गेलं असेल, सीआरपीही पाहिलं गेलं असेल. त्यांच्यातल्या कितींना कोणी थेट विचारलं असेल?

आणि थेट विचारल्याने काही बिघडत नाही. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घुसेल, ही भीती आपल्याकडे खोल आहे, डॉक्टरांमध्येही. या प्रश्नावरचे अभ्यास एकत्र पाहून 2014 मध्ये आलेल्या आढाव्यात असा धोका आढळला नाही. उलट विचारल्याने मन हलकं होण्याकडे कल होता. कायदाही आता आड येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचारांचा हक्क दिला आहे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं 309 कलम राहिलेलं नाही.

तुमच्या घरात दीर्घ आजाराने गांजलेलं कोणी असेल आणि ते हल्ली गप्प झालं असेल, जेवणातून आणि माणसांतून मन काढून घेत असेल, तर रिपोर्टची वाट पाहू नका. जवळ बसा आणि विचारा: जगणं नकोसं वाटतं का, मरणाचे विचार येतात का? उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.